जोह्याहून पाट परत आणण्याबाबत

॥ श्री ॥

मु. अष्टमी, ता. रोहे, जि. रायगड
(तू पाकिटावर अजून जि. कुलाबा लिहितोस. पोस्टमन हसतो आणि पत्र आणून देतो, पण नाव बदललंय हो.)
श्रावण शुद्ध षष्ठी

तीर्थस्वरूप नीलकंठदादा यांच्या चरणी धाकट्या सरूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. आठांपैकी गुडघे हे अंग सध्या मोजणीत नाही.) वर तीर्थस्वरूप लिहून खाली अरेतुरे करते याबद्दल रागावू नकोस. ज्या भावाला आईने विहिरीच्या काठावरून कान धरून आणताना पाहिलंय त्याला पत्रभर अहोजाहो करणं मला जमत नाही.

इकडे आम्ही दोघं खुशाल. ह्यांचं नेहमीचंच, म्हणजे सकाळी कुंडलिकेच्या पुलापर्यंत फिरायला जातात, पुलावर रोह्याकडून येणारं कोणीतरी भेटतं, आणि ते कोणीतरी चहाला आपल्याकडे येतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना बोलायला वर्ग नाही, त्यामुळे मी समजू शकते. तुझी प्रकृती कशी आहे? रक्तदाब तपासून घेतोस, की डॉक्टरांशी वाद घालून तसाच परत येतोस? डब्यातल्या पोळ्या चिवट असतात असं लिहिलं होतंस, तर डबा बदल, सहन करत बसू नकोस. पोह्याचे पापड आणि मिरगुंडं पाठवली होती ती पोचली का? पोचली असतील तर तसं लिही. चुरा होऊन पोचली असतील तर लिहू नकोस, मला वाईट वाटेल.

आता तुझ्या कामाचं. तुझं आषाढातलं पत्र मी जपून ठेवलंय आणि आत्ता समोर घेऊनच बसले आहे. जगात दुसऱ्या कुठल्या भावाने सख्ख्या बहिणीला असं पत्र लिहिलं असेल असं मला वाटत नाही. ‘या पत्रान्वये मी तुला पुढे दिलेल्या कामापुरतीच माझी मुखत्यार नेमीत आहे’, अशी सुरुवात! मग कलमं. जोह्याला दिनानाथच्या गणपतींच्या कारखान्यात जाणे. आपला गणपतीचा पाट त्याच्याकडून परत घेणे. आपल्या घरचा गणपती कायमचा बंद झाल्याचे त्याला सांगणे. पाट तुझ्याकडे ठेवणे. आणि खाली रेघ मारून, ‘याखेरीज काहीही ठरवण्याचा, कबूल करण्याचा किंवा आणखी कोणास नेमण्याचा अधिकार तुला नाही.’ ह्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, सही करून पोच पाठव, नाहीतर नोटीस येईल.

तुझा दोष नाही म्हणा. नागपूरच्या कॉलेजात इतकी वर्षं मुलांना मालक आणि मुखत्यार शिकवल्यावर माणसाला घरातही तेच दिसणार. माझ्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीत बसून तू त्यांना समजावत होतास की मुखत्याराला एक अधिकार स्पष्ट सांगून दिलेला असतो, आणि एक न सांगता त्याच्या पोटात आलेला असतो, म्हणजे घोडा विकायला पाठवलं तर दात दाखवण्याचा अधिकार आपोआप आला. (सासरे रात्री ह्यांना विचारत होते, मुलीचा भाऊ घोड्यांचा व्यापार करतो का?) मला मात्र हा विषय तू त्याच्याही आधी शिकवलास. पेणला शेजारच्या आवारातल्या आवळ्यावर तू मला चढवायचास, खालून हुकूम सोडायचास, आणि मालक काठी घेऊन आला की म्हणायचास, मी फक्त दोन सांगितले होते, बाकीचे हिने आपल्या अखत्यारीत काढले. झाडावर मी, आवळे तुझ्या खिशात आणि मार माझ्या पाठीत. तेव्हापासून मला मुखत्यारकी म्हटलं की पाठ आठवते.

तर सांगायचं असं की मी तुझी चारही कलमं पाळायला निघाले होते. खरंच निघाले होते. पत्र वाचून मला रडू आलं होतं हेही लिहून टाकते, म्हणजे मागाहून तू विचारायला नको. घर वर्षभर बंद असतं, तुझं वय झालं, नागपूरहून येणं झेपत नाही, करणारं कोणी नाही, ही चारी कारणं तू व्यवस्थित लिहिलीस आणि चारीही खरी आहेत. आमचा सासरचा गणपती दिरांबरोबर ठाण्याला गेला तेव्हा मला इतकं वाटलं नव्हतं. पण वडिलांच्या वेळचा आपला गणपती बंद, हे तुझ्या त्या सरळ रेषेतल्या अक्षरात वाचून मी तशीच ओट्यावर बसून राहिले, आणि दूध उतू गेलं. तरी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघाले. मालकाचा हुकूम तो हुकूम.

कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून पिशवीत एक नारळ घेतला होता. तुझ्या पत्रात नारळाचा उल्लेख नाही हे मला मान्य आहे, पण तो पोटातल्या अधिकारात येतो असं मी धरलं. हा नारळ नागोठण्याच्या वळणावर पिशवीतून निसटला आणि सगळ्या गाडीतून फिरत पुढे गेला. मी मागच्या बाकावरून ‘अहो नारळ, अहो नारळ’ करते आहे, कंडक्टर दांडीला धरून पाय आडवा घालतो आहे, आणि नारळ त्याच्या पायाला वळसा घालून एका कोळणीच्या पाटीशी जाऊन थांबला. तिने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला, आपल्या कपाळाला लावला, आणि वडखळला उतरताना माझ्या हातात देत म्हणाली, “देवाचा नारळ हाय गो बाय, पायाशी नको ठेवू.” तिथून पुढे पेणपर्यंत तो मी मांडीवर घेऊन बसले, आणि पेणला जोह्याच्या गाडीत चढले तेव्हाही तो मांडीवरच होता.

जोहे तू पाहिलंस त्याला आता तीन वर्षं होतील. कारखाने वाढलेत. पावसामुळे सगळे गणपती आत, पत्र्याखाली, फळ्यांवर ओळीने बसलेले, अजून रंग नाही, पांढरेफटक, आणि आपण त्यांच्यामधून चाललो की तपासणीला आल्यासारखं वाटतं. दिनानाथ आता चष्मा लावतो. केस पिकलेत, पण हात तसाच आहे. गिरजाबाई, त्याची आई, दारातच बसली होती. आपण लहान असताना ही कारखान्यात नवी सून म्हणून आलेली, ती आता माझ्यापेक्षाही वाकली आहे. मी पाट म्हणायच्या आत ती उठली. विसर्जनानंतर घरोघरचे पाट तिथेच भिंतीशी उभे करून ठेवलेले असतात ना, त्यातून तिने आपला बरोबर ओढून काढला. (त्याच्या कोपऱ्यावर श्यामलावहिनीच्या निरांजनाने पडलेला काळा डाग आहे, तो तुला आठवत असेल.) पदराने पुसला आणि माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. हातात नाही दिला, कारण रिकामा पाट हातात देत नाहीत.

आणि दादा, आता जे झालं ते तू न्यायाधीशासारखं नको वाचूस, भावासारखं वाच. तो पाट समोर पाहिल्यावर माझा हात आपोआप पिशवीत गेला. नारळ काढला, पाटावर ठेवला. पिशवीच्या कप्प्यात सुपारी होती, तीही ठेवली. गिरजाबाईने कुंकवाचा करंडा पुढे केला, मी पाटाला कुंकू लावलं, वाकता येईल तेवढी वाकले आणि नमस्कार केला. इतकी वर्षं हेच करत आले ना! तू नागपूरला गेल्यापासून, वहिनी गेल्यानंतरची ही दोन वर्षं सोडली तर, दर वर्षी पाट द्यायला मीच जाते. पाट समोर आला की नारळ, सुपारी, कुंकू, नमस्कार, हे हातांना पाठ झालंय, डोक्याला विचारावं लागत नाही.

आता तू विसरला असलास तर सांगते, आपल्याकडे गणपती सांगण्याची रीत एवढीच आहे. चिठ्ठी नाही, पावती नाही, बोलणंसुद्धा नाही. पाटावर नारळ-सुपारी ठेवून नमस्कार केला की पाट दिला. पाट दिला की गणपती सांगितला. थोडक्यात, पाट परत घ्यायला गेलेली तुझी मुखत्यार पाट देऊन बसली. हे माझ्या लक्षात कधी यावं? तर गिरजाबाईने नारळ उचलून कपाळाला लावला आणि म्हणाली, “आलीस गो बाय. दोन वर्सं पाट उपाशी व्हता.”

मग ती मला आत चहाला घेऊन गेली. मी ठरवलं, चहा घेता घेता शांतपणे तुझं तिसरं कलम सांगायचं. पण गिरजाबाईने वहिनीचं विचारलं. शेवटी शेवटी कशी होती, बोलत होती का, त्रास फार झाला का. तिला कोणी नीट सांगितलंच नव्हतं रे. बातमी कळली तीही पेणच्या बाजारात, कोणाच्या तरी तोंडून. तिने मला चुलीवरच्या भिंतीशी टांगलेलं एक बुटकं स्टूल दाखवलं. वहिनी गणपतीच्या डोळ्यांची आखणी पाहायला यायची तेव्हा त्यावर बसायची. तेव्हापासून त्यावर कोणी बसत नाही, धूळ तेवढी पुसतात. मी सगळं सांगत गेले, ती ऐकत गेली, आणि आम्ही दोघींनी चहा निवू दिला. तुझं कलम राहिलं. ते मध्ये कुठे घालायचं ते तूच सांग.

बाहेर आले तर दिनानाथने पाटावर माती घेतली होती. नुसती घेतली नव्हती, बैठक धरली होती, मांडीचा आकार सुद्धा येऊ लागला होता. माती मळून तयार होती, पाट आला, दिवस चांगला, तो कशाला थांबेल? मग मात्र मी सगळं धडाधडा सांगून टाकलं. दादाने गणपती बंद करायला सांगितलंय, मी पाट न्यायला आले होते, नारळ चुकून ठेवला गेला. त्याने हात धुतले नाहीत की काम थांबवलं नाही. मान वर न करता म्हणाला, “ताई, माती लागलेला पाट मी परत देत नाय. बापानी कधी दिला नाय. देव उतरला की न्या.” म्हणजे विसर्जनानंतर.

मी म्हटलं, पण मला अधिकार नव्हता. तुझं पत्र काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने चष्म्यातून ते वाचलं (तुझं अक्षर चांगलं आहे असं म्हणाला) आणि मला परत दिलं. मग जे बोलला ते मी तुला शब्दाशब्दाने कळवते, कारण मला ते खोडता आलं नाही. म्हणाला, “दादा नागपूरला निघाले तेव्हा याच अंगणात माझ्या बापाला आनी मला सांगून गेले, आमची सरू सांगेल ते मी सांगितलं असं समजा. तवापासून तुमचं ऐकतो. ते काढून घेतलं असेल तर मला येऊन सांगायला पायजे व्हतं. तुम्हाला लिवून माझं काय?”

दादा, मी सबंध रस्ताभर विचार केला आणि मला तुझ्याविरुद्ध निकाल द्यावा लागतो आहे. हे तूच मला शिकवलंस. मालकाने जगासमोर एखाद्याला आपला माणूस म्हणून उभा केला, तर आतून त्याचे हात कितीही बांधले तरी बाहेरच्याला जो अधिकार दिसतो तो खराच धरायचा. बाहेरच्याला कळवल्याशिवाय तो संपत नाही. तू माझा अधिकार मला लिहून काढून घेतलास. दिनानाथला लिहिलंस का? नाही लिहिलंस. पोस्टकार्ड सुद्धा नाही. मग दिनानाथच्या लेखी मी अजून तुझी सरू, आणि मी सांगितलेला गणपती तुझाच गणपती. तुझ्या कॉलेजातल्या कोणत्याही मुलाला विचार, तो पास होण्याइतपत हेच लिहील.

पुढचं जे झालं त्यात माझा काही हात नाही, असला तरी करंगळीपुरता. परत येताना पेणला उतरले तर स्टँडच्या बाहेर कृष्णाबाई. आपल्या घराची किल्ली तिच्याकडे असते म्हणून ती स्वतःला घराची सासू समजते, हे तुला माहीत आहेच. माझ्या आधी सुटलेल्या गाडीने जोह्याहून कोणी आलं होतं, त्याने तिला सांगितलं होतं की नीलकंठदादांचा पाट लागला. ती माझीच वाट पाहत उभी. म्हणाली, घर उघडते, चुना भिजत घालते, भटजींना सांगून ठेवते. मी म्हटलं, थांब, मला आणखी कोणाला नेमण्याचा अधिकार नाही. तर म्हणते, मला कोणी नेमावं लागत नाही. तेव्हा तुझ्या शेवटच्या कलमाचा भंग झालेला नाही याची नोंद घे. कृष्णाबाईला मी नेमलेलं नाही, तिने स्वतःच स्वतःला नेमलं आहे, आणि तिने पुढे सगुणा म्हणून एका बाईला सारवायला नेमलंय, त्याचीही जबाबदारी माझ्यावर येत नाही.

घर उघडलं हे मात्र एका परीने बरंच झालं. मागल्या बाजूची कौलं सरकून देवाच्या कोनाड्यावर सरळ पाणी येत होतं. भिंतीला हिरवं शेवाळ, आईच्या तांब्याच्या घंघाळात पाणी साठलेलं आणि त्यात एक बेडूक. (त्याला मी बाहेर जायला सांगितलं. तो तुझ्यापेक्षा लवकर ऐकतो.) अशा वेळी नागपूरला पत्र टाकून उत्तराची वाट पाहिली असती तर भिंत बसली असती. मालकाला विचारण्याइतका वेळ नसेल तर मुखत्याराने शहाण्या माणसासारखं वागून मालकाचं नुकसान टाळावं, असं तुझ्याच पुस्तकात आहे ना? मी शहाण्या माणसासारखी वागले. पाऊस उघडल्या उघडल्या कौलं चाळून घेतली, तुटकी बदलली, कोनाडा लिंपून घेतला. लिंपताना बाहेरच्या खोलीला चुना लावायचा नाही असं काही पत्रात नव्हतं, तेव्हा तोही लागला. आता घर बघशील तर ओळखणार नाहीस. देवाच्या कोनाड्यात कृष्णाबाईने पणती सुद्धा लावून पाहिली.

आणि आळीतले लोक विचारतात, दादा कधी येणार? मी एकालाही तू येणार असं सांगितलेलं नाही. आईशपथ नाही. मी फक्त गप्प बसले, आणि लोकांनी काय समजायचं ते समजले. भटजींनी पूजेची वेळ लिहून घेतली. मी गप्प बसले. शेजारच्या आवारातल्यांनी, त्याच आवळ्याच्या, पाच दिवसांची जेवणं वाटून घेतली. मी तेव्हाही गप्प बसले, जरा हसले असेन. न बोलण्यातूनही कबुली होते असं तू म्हणायचास, त्याला मी काय करू? मी उलट तुला सावध करते आहे. या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस तर तीही कबुलीच धरली जाईल.

आता तू म्हणशील, माझा अधिकार नसताना सरूने केलं, ते मला बांधील नाही. अगदी बरोबर. तू नाकारू शकतोस. कायद्याने तुला तो हक्क आहे, आणि मी मार खायला तयार आहे, सवय आहे. पण तुझ्याच तोंडून ऐकलंय की मुखत्याराने हद्दीबाहेर जाऊन केलेलं काम मालकाने मागाहून मान्य केलं तर ते पहिल्यापासूनच त्याने करवलेलं ठरतं. कसं मान्य करायचं, तर लिहून, बोलून, किंवा नुसतं तसं वागून. तू सोवळं नेसून त्या पाटासमोर बसलास की झालं. मग नारळ तू ठेवलास, कौलं तू चाळलीस, बेडूक सुद्धा तूच घालवलास.

दादा, आता थट्टा पुरे. तुझ्या पत्रात बंद करायची चार कारणं आहेत आणि वहिनीचं नाव एकदाही नाही. मी पत्र दोनदा वाचलं, म्हटलं माझी नजर चुकली असेल. तिच्याशिवाय त्या घरात पाच दिवस कसे काढायचे हे तुला सुचत नाही, म्हणून तू घर, पाट, गणपती सगळंच गुंडाळायला निघालास. ते मला कळतं रे. पण पेणचं दार एकदा लागलं की तू इकडे कशाला येशील? मग तू नागपूरला डब्याच्या पोळ्या खात बसणार आणि मी इथे पापड पाठवत बसणार, आणि एक दिवस कोणीतरी पेणच्या बाजारात कोणालातरी सांगेल. मला ते नको आहे. मला तू हवा आहेस. इतकंच.

तर रेल्वेने दादरला उतर, तिथून पेणची एस.टी. मिळते, मी स्टँडवर येते. औषधं बरोबर घे. हे तुला नमस्कार सांगतात आणि म्हणतात की येताना संत्री आणू नकोस, वाटेत नासतात.

तुझी,
(अधिकार संपला की नाही हे अजून ठरायचं असलेली)
सरू

ता. क. तुझ्या आज्ञेचा भंग झाला असं मी मानत नाही. विसर्जन झालं की पाट दिनानाथला न देता मी घरी आणीन आणि तुला हवा असेल तर नागपूरला पोचवीन. म्हणजे कलम दोन पाळलं जाईल, फक्त जरा उशिराने. पुढच्या वर्षी बंदच करायचं असेल तर तू स्वतः दिनानाथसमोर उभं राहून सांग. मला ते सांगता येत नाही हे सिद्ध झालंय.

ता. क. दुसरा. पत्र बंद करण्याआधी ह्यांना वाचायला दिलं ही चूक झाली. हे म्हणतात, बाकी सगळं ठीक आहे, पण तू दादाला लिहिलंस की नारळ गिरजाबाईला भेट म्हणून घेतला होता. भेटीचा नारळ आपण पूर्ण सोलून देतो, आणि तू आदल्या संध्याकाळी कोयती घेऊन पायरीवर बसलीस तेव्हा शेंडी ठेवून सोललास, मी पाहिलं. सुपारी सुद्धा देवघरातल्या डब्यातली होती म्हणतात. आता शेंडी ठेवलेला नारळ म्हणजे देवाचा, हे कोळणीला कळलं आणि ह्यांना कळलं, तर तुला काय सांगायचं? ह्यांना निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे पाहण्याखेरीज काम नाही. मी ह्यावर काही बोलत नाही. माझ्या न बोलण्यातून काय समजायचं ते समज.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे पत्र यासाठीच होतं. परवा पुन्हा जोह्याला जाऊन आले. मूर्ती वाळली, हात बसले, पितांबर झाला. फक्त डोळे राहिलेत. वहिनी दर वर्षी आखणीला समोर बसून दिनानाथला सांगायची, नजर जरा खाली राहू दे, आमच्या घरात सगळे जमिनीवर बसलेले असतात. दिनानाथने मला विचारलं, यंदा नजर कुठे ठेवू? मला उत्तर ठाऊक होतं. तोंडात आलेलं मी गिळलं. बाकीचं सगळं मी तुझ्या वतीने केलं, हद्द सोडून केलं, पण हे सांगणं वहिनीचं होतं, आणि तिच्यानंतर ते तुझं आहे. असे काही अधिकार दुसऱ्याला देता येत नाहीत असं तू म्हणतोस ना? गिरजाबाईने ते स्टूल खाली उतरवून ठेवलंय. पिठोरी अमावास्येच्या आत ये. वहिनी सांगायची तेच सांग, नाहीतर तुला वाटेल ते सांग, पण तू सांग.